किलबॅरीचा स्वार : लेफ्टनंट कर्नल फ्रँक वेल्डन

बॅडमिंटन हा शब्द उच्चारला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे जाळी, रॅकेट आणि पिसांचे फूल उभे राहते. या खेळाशी आपले नातेही जुने आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या छावणीतील इंग्रज अधिकारी तो हौसेने खेळत. त्याचे आरंभीचे काही नियम तेथेच आकाराला आले, आणि काही काळ तो पूना याच नावाने ओळखला जाई. पुढे त्याला जे नाव कायमचे चिकटले ते इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यातील एका वाड्याचे होते. ब्यूफर्टच्या ड्यूक घराण्याचा तो वाडा म्हणजे बॅडमिंटन हाउस. इंग्लंडातील घोडेस्वारांना मात्र बॅडमिंटन म्हटले की फूल आणि रॅकेट आठवत नाही. त्यांना आठवते ती त्या वाड्याभोवतीच्या विस्तीर्ण कुरणांत १९४९ पासून भरत आलेली घोडेस्वारीची स्पर्धा. या स्पर्धेशी ज्यांचे नाते दुहेरी होते, आधी विजेता म्हणून आणि नंतर संयोजक म्हणून, ते लेफ्टनंट कर्नल फ्रँक वेल्डन मुंबईत जन्मले होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही.

फ्रान्सिस विल्यम चार्ल्स वेल्डन यांचा जन्म २ ऑगस्ट १९१३ चा. त्यांचे कर्तृत्व मात्र इंग्लंडात आणि युरोपात घडले. ते तोफखान्याचे अधिकारी झाले. त्यांच्या तारुण्यातच ब्रिटिश तोफखान्यातून घोडा हद्दपार होत होता. तोफा ओढण्याचे काम मोटारींकडे जात होते. ज्या सैन्यात घोड्यावाचून पान हलत नसे त्या सैन्यात घोडा पाहता पाहता शोभेचा आणि हौसेचा विषय झाला. आपल्याकडे पागा, शिलेदार, बारगीर हे शब्द बखरींच्या पानांत जाऊन बसले, तसेच तेथेही घडत होते. दुसऱ्या महायुद्धात वेल्डन लढले आणि मिलिटरी क्रॉस हा शौर्याचा सन्मान त्यांना मिळाला. पण या माणसाचे मन घोड्यावर बसले होते, आणि दैवाने त्यांना असे एक पद दिले की जेथे विसाव्या शतकाच्या मध्यावरही घोडा तोफ ओढत होता.

रॉयल हॉर्स आर्टिलरीची एक तुकडी राजसमारंभांत तोफांची सलामी देण्यासाठी राखून ठेवलेली होती. २४ ऑक्टोबर १९४७ रोजी राजे सहावे जॉर्ज तिच्या भेटीस आले असता त्यांनी नोंदवहीत स्वहस्ताने तिचे नाव बदलून किंग्ज ट्रूप असे केले. त्यांच्या पश्चात गादीवर आलेल्या राणी एलिझाबेथ यांनी पित्याच्या स्मरणार्थ ते नाव तसेच राखले. सहा सहा घोडे जोडलेल्या, पहिल्या महायुद्धातल्या, ब्रेक नसलेल्या तोफा भरधाव वेगाने एकमेकींच्या वाटा छेदत नेणे हे या तुकडीचे गाजलेले कसब. अंदाज हातभर चुकला तरी माणूस आणि जनावर दोघांचीही हाडे मोडायची. पन्नासच्या दशकाच्या प्रारंभी वेल्डन या तुकडीचे प्रमुख होते. घोडा, वेग आणि अंतर यांचा हिशेब त्यांच्या अंगी मुरण्यास ही शाळा पुरेशी होती.

ज्या खेळात त्यांनी नाव मिळवले त्याची थोडी ओळख करून देणे भाग आहे, कारण आपल्याकडे घोड्याची शर्यत म्हटली की महालक्ष्मीचे किंवा पुण्याचे रेसकोर्सच डोळ्यांपुढे येते. इव्हेंटिंग ही शर्यत नव्हे. लष्करी अधिकाऱ्याचा घोडा कसा असावा, या प्रश्नातून ती निघाली. कवायतीच्या मैदानावर तो आज्ञाधारक हवा, मोहिमेत दमदार हवा, आणि मोहिमेच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा कामास उभा राहील असा धडधाकट हवा. या तीन कसोट्यांसाठी तीन दिवस. पहिल्या दिवशी ड्रेसाज, म्हणजे आखलेल्या चौकोनात पाऊल, दुडकी आणि दौड यांची शिस्तबद्ध कवायत. आपल्या जुन्या चाबूकस्वारांना ती पाहून नवल वाटले नसते. दुसरा दिवस दमाचा. वेल्डन यांच्या काळी तो फारच लांबलचक असे. आधी काही मैल रस्त्याने दुडकीची चाल, मग स्टीपलचेसची भरधाव दौड, पुन्हा काही मैल रस्ता, मग दहा मिनिटांची सक्तीची विश्रांती व पशुवैद्याची तपासणी, आणि त्यानंतर खरी परीक्षा असलेली क्रॉसकंट्री : चार साडेचार मैलांच्या रानवाटेवर तीसएक पक्के, न हलणारे अडथळे. तिसऱ्या दिवशी सकाळी घोडा पुन्हा पशुवैद्यांपुढे चालवून दाखवायचा; लंगडत नसेल तरच रिंगणात नेऊन रंगीत दांड्यांवरून उड्या मारायच्या. कवायत, दम आणि उडी यांचे मोल ढोबळमानाने तीन, बारा आणि एक असे धरलेले असे. दुसऱ्या दिवसाला एवढे वजन का, हे यावरून ध्यानी यावे.

१९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये हा खेळ प्रथम आला तेव्हा तो केवळ लष्करी अधिकाऱ्यांसाठी होता. इंग्लंड हा घोड्यांचा देश. पण शिकारीमागे कुंपणे ओलांडीत धावणाऱ्या इंग्रजाला चौकोनातली कवायत म्हणजे परदेशी थेर वाटे. त्याचे फळ १९४८ साली दिसले. लंडन ऑलिम्पिकमधील ही स्पर्धा ऑल्डरशॉटला झाली, आणि यजमान देशाचा संघ शेवटपर्यंत टिकलाच नाही. प्रेक्षकांत ब्यूफर्टचे दहावे ड्यूक बसले होते. ते राजघराण्याच्या पागेचे प्रमुख, म्हणजे मास्टर ऑफ द हॉर्स. १९३६ पासून १९७८ पर्यंत हे पद त्यांच्याकडे होते. आपल्या देशात उत्तम घोडे आहेत, स्वार आहेत, उणीव आहे ती सरावाच्या स्पर्धेची, हे त्यांनी हेरले आणि आपले कुरण देऊ केले. एप्रिल १९४९ मध्ये बॅडमिंटनला पहिली स्पर्धा झाली. बावीस घोडे उतरले, जॉन शेडन हे गोल्डन विलो या घोड्यावर विजयी झाले, आणि विजेत्याचे बक्षीस दीडशे पौंड होते. जमीनदाराच्या औदार्यातून सुरू झालेले असे उपक्रम सहसा त्या पिढीबरोबर मावळतात. हा मावळला नाही, याचे बरेचसे श्रेय वेल्डन यांच्याकडे जाते. पण ती पुढची गोष्ट.

वेल्डन या खेळात उतरले तेव्हा त्यांनी चाळिशी गाठत आणली होती. हाताखाली किलबॅरी नावाचा घोडा होता. या दोघांची जोडी जमली, आणि काही वर्षे युरोपातील कोणत्याही मैदानावर तिची गणना पहिल्या काहींत होऊ लागली. १९५३ साली बॅडमिंटनलाच पहिली युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. तीत लॉरेन्स रूक पहिले आले आणि वेल्डन दुसरे. पुढच्या वर्षी स्वित्झर्लंडमधील बाझल येथे बर्टी हिल यांनी पहिला क्रमांक पटकावला. वेल्डन त्याही वेळी विजयी ब्रिटिश संघात होते. १९५५ साली राणीच्या निमंत्रणावरून स्पर्धा विंडसरच्या राजोद्यानात भरली आणि तेथे युरोपचे अजिंक्यपद वेल्डन व किलबॅरी यांनी मिळवले. १९५६ च्या एप्रिलमध्ये बॅडमिंटनला परतलेल्या स्पर्धेतही तीच जोडी पहिली आली. सात वर्षांपूर्वी ज्या कुरणावर इंग्रज स्वार कवायतीची बाराखडी गिरवू लागले होते तेथून आता ऑलिम्पिकचा संघ निघणार होता.

ते ऑलिम्पिक मेलबर्नचे होते, पण ऑस्ट्रेलियात परदेशी जनावरांवर विलग्नवासाचे कडक निर्बंध असल्याने घोडेस्वारीच्या स्पर्धा त्याच वर्षी जूनमध्ये स्टॉकहोमला झाल्या. ब्रिटिश संघात वेल्डन, रूक आणि हिल. या संघाला मागचे एक शल्य होते. या खेळात प्रत्येक अडथळ्याच्या उजवीकडे लाल व डावीकडे पांढरा झेंडा असतो आणि स्वाराने त्यांच्या मधूनच गेले पाहिजे. १९५२ साली हेलसिंकीला रूक यांना अखेरच्या टप्प्यात अपघात झाला, त्या भोवंडलेल्या अवस्थेत ते झेंड्याच्या चुकीच्या बाजूने गेले, आणि संघ बाद झाला. स्टॉकहोमला पाऊस लागला होता. वाट निसरडी झाली होती. बाविसावा अडथळा उतारावर होता, चर आणि चरातून उभे केलेले लाकडी कठडे असा; तेथे घोड्यामागून घोडा अडला, पडला आणि एका घोड्याला प्राणास मुकावे लागले. हिल यांचा कंट्रीमन हा घोडा कठड्यावरच अडकून पडला. त्याला तेथून सोडवून हिल यांनी दौड पुरी केली. वेल्डन व किलबॅरी यांनी ती वाट पार केली. ब्रिटनला या खेळातले पहिले सांघिक सुवर्णपदक मिळाले, वैयक्तिक सुवर्ण स्वीडनच्या पेट्रुस कास्टेनमान यांच्याकडे गेले आणि वेल्डन यांच्या वाट्याला कांस्यपदक आले. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, पदकविजेत्या स्वारांत त्यांचे नाव लागले. तो बाविसावा अडथळा त्यांच्या स्मरणात राहिला असला पाहिजे, कारण पुढे बॅडमिंटनच्या मैदानावर स्टॉकहोम याच नावाचा एक अडथळा उभा राहिला.

अशा मोठ्या स्पर्धांचे कौतुक होते. पण हा खेळ जगतो तो लहान स्पर्धांवर. बॅडमिंटनच्या यशानंतर इंग्लंडच्या परगण्यापरगण्यांत एका दिवसाच्या स्पर्धा भरू लागल्या. कोणा जमीनदाराचे उद्यान, लगतच्या शेतकऱ्यांची परवानगीने मोकळी केलेली शेते, गावच्या सुताराने रोवलेले ओंडके, आणि आपापल्या घरून जेवणाचे डबे घेऊन आलेले स्वयंसेवक. सकाळी कवायत, दुपारी उड्या, मग रानातली दौड. बक्षिसे क्षुल्लक. पण नवा घोडा तयार करायचा तर येथेच, आणि जुना घोडा हंगामासाठी तापवायचा तरी येथेच. आपल्याकडील तालमींच्या गावजत्रेतील कुस्त्यांचे जे स्थान तेच या एकदिवसीय मेळ्यांचे. मोठ्या नावाचे मल्लही तेथे उतरतात, आणि मातीला नावाची ओळख नसते.

१९५७ साली नॉर्थम्प्टनशायरमधील कॉट्सब्रुक येथे अशीच एक एकदिवसीय स्पर्धा होती. ऑलिम्पिक पदकविजेत्याला तेथे सिद्ध करण्यासारखे काही उरले नव्हते. किलबॅरी एका अडथळ्यावर पडला, त्याची मान मोडली, आणि तो तेथेच गेला.

या प्रसंगावर भावनेचे पदर चढवण्याचे कारण नाही. घोड्याच्या खेळात घोडे मरतात. जे या खेळात उतरतात त्यांना ते ठाऊक असते. परंतु ठाऊक असणे वेगळे आणि आपल्या मांडीखालचा जीव क्षणात थंड होताना पाहणे वेगळे. तीन वर्षे युरोपभर ज्याच्या पाठीवर बसून त्यांनी विजय मिळवले तो घोडा कोणत्याही मोठ्या मैदानावर नव्हे तर एका मामुली मेळ्यात गेला. त्यात बक्षिसाची ईर्षा नव्हती, देशाची अब्रू नव्हती. एक चुकलेली उडी, एवढेच. माणसाने निवडलेल्या धोक्याची किंमत ज्याने निवड केलीच नव्हती त्याने मोजली. या खेळातील नैतिक प्रश्न तो हाच, आणि वेल्डन यांच्या पुढील तीस वर्षांच्या कामाकडे याच प्रश्नाचे उत्तर म्हणून पाहणे योग्य ठरेल.

त्यांनी घोडेस्वारी सोडली नाही. सॅम्युएल जॉन्सन हे थोर कोशकाराचे नाव असलेला नवा घोडा त्यांनी तयार केला. १९५९ साली हेअरवुडच्या युरोपीय स्पर्धेत या घोड्यावर ते पुन्हा दुसरे आले, आणि १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्येही उतरले. रोममध्ये ब्रिटिश संघाला पदक मिळाले नाही. ती स्पर्धा गाजली ऑस्ट्रेलियामुळे. त्यांच्या संघातील पंचेचाळीस वर्षांचे बिल रॉयक्रॉफ्ट क्रॉसकंट्रीत पडून जबर जायबंदी झाले, तरी दुसऱ्या दिवशी रुग्णालयातून उठून आले, घोड्यावर बसले आणि संघाचे सुवर्णपदक राखून गेले. त्या काळच्या नियमांनुसार पडलेला स्वार पुन्हा मांड ठोकून दौड पुरी करू शके; केवळ साठ गुणांचा दंड बसे. आज त्या नियमाचे नवल वाटते.

साठच्या दशकाच्या मध्यावर बॅडमिंटनच्या मैदानाची आखणी आणि लवकरच सर्व व्यवस्थेची सूत्रे वेल्डन यांच्या हाती आली, ती १९८८ पर्यंत राहिली. संयोजक म्हणून ते कडक होते, स्पष्टवक्ते होते आणि लष्करी शिस्त त्यांच्या रोमरोमांत होती. पण त्यांचे मोठेपण शिस्तीत नाही. शिस्तीचे संयोजक पुष्कळ असतात. त्यांचे मोठेपण त्यांनी आखलेल्या अडथळ्यांत आहे.

अडथळा म्हणजे उंच भिंत, अशी सामान्य समजूत असते. वस्तुतः क्रॉसकंट्रीच्या पक्क्या अडथळ्याची कमाल उंची नियमानेच बांधलेली आहे : एक मीटर वीस सेंटिमीटर, म्हणजे चार फुटांना सुमारे एक इंच कमी. चांगल्या घोड्याला ही उंची काहीच नव्हे. मग परीक्षा कशाची? ती जमिनीच्या चढउताराची, उजेडातून सावलीत जाण्याची, कुंपणापलीकडे दडलेल्या खोलीची, पाण्यात उतरून पाण्यातच पुन्हा उडी मारण्याची. कॉफिन, म्हणजे शवपेटी, असे भयंकर नाव असलेला अडथळाच पाहावा. आधी कठडा, मग उतार, तळाशी चर, मग चढ आणि पुन्हा कठडा. यात उंच असे काही नाही. पण वेगात आलेल्या घोड्याला पहिल्या कठड्यावर अचानक चर दिसतो, आणि स्वाराने त्याचा वेग आधीच आवरून त्याला आश्वस्त केले नसेल तर तो जागच्या जागी थबकतो. उंची हे धैर्याचे माप. येथे मोजले जाते ते शहाणपण.

या खेळाचा एक नियम वेल्डन यांच्या विचाराच्या मुळाशी होता. स्वाराला स्पर्धेआधी सारी वाट पायी फिरून पाहता येते. घोड्याला मात्र कोणताही अडथळा आधी दाखवता येत नाही. स्वार दोनदा तीनदा फिरतो, प्रत्येक चराची खोली डोळ्यांनी मोजतो आणि रात्रभर तळमळतो. घोडा पागेत निवांत झोपतो. तो अडथळा प्रथम पाहतो तो शेवटच्या काही ढांगांत, आणि झेपावतो तो पाठीवरच्या माणसाच्या भरवशावर. तेव्हा भय निर्माण करायचे ते माणसाच्या मनात. घोड्याला मात्र अडथळा स्वच्छ वाचता आला पाहिजे, असे वेल्डन यांचे सूत्र होते. जाड ओंडके, भक्कम कड, ठळक पायरेषा. घोड्याला जे जाड आणि ठसठशीत दिसते त्याचा तो मान राखतो, पाय उचलून घेतो. बारीक, लेचीपेची, फसवी दांडी त्याला दिसत नाही, आणि तीच त्याचा घात करते. पायी फिरताना छाती दडपून टाकणारा अडथळा घोड्याला सरळ आणि प्रामाणिक वाटावा, ही कला त्यांनी साधली. त्यांच्या मैदानावर चालून आलेले अनेक नामवंत स्वार आदल्या दिवशी चेहरे पांढरे करून परतत आणि दुसऱ्या दिवशी त्याच अडथळ्यांवरून घोडे अलगद गेलेले पाहून थक्क होत.

त्याच्या जोडीला वाटांचा पर्याय आला. एकाच अडथळ्याला एक आखूड पण अवघड वाट आणि एक लांबची पण सोपी वाट ठेवायची. घाई असलेल्याने आपल्या जबाबदारीवर आखूड वाट धरावी. ज्याचा घोडा कच्चा किंवा थकलेला आहे त्याने काही सेकंद खर्चून वळसा घ्यावा. नकाराला वीस गुणांचा दंड, दुसऱ्या नकाराला चाळीस, तिसऱ्याला गच्छंती. हा हिशेब मनात धरून दौडीच्या ऐन वेगात निर्णय करायचा. म्हणजे घोड्याच्या दमाबरोबर माणसाच्या विवेकाचीही परीक्षा.

संयोजकाच्या कामाचा बराच भाग मात्र प्रेक्षकांना कधीच दिसत नाही. प्रत्येक अडथळ्यापाशी पंच बसवायचे. ते बहुधा आसपासच्या गावांतले हौशी लोक. त्यांना नियम समजावून द्यायचे. काही मिनिटांच्या अंतराने घोडे सोडायचे, आणि मध्येच कोठे अपघात झाला तर पाठीमागच्या स्वाराला थांबवायचे, त्याच्या थांबलेल्या वेळेचा हिशेब ठेवायचा. डॉक्टर, पशुवैद्य, नालबंद, मोतद्दारांची निवासव्यवस्था, घोड्यांची वाहने, आणि वेल्डन यांच्या काळात लाखावर गेलेला प्रेक्षकसमुदाय. वाट दोरखंडांनी आखलेली असली तरी गर्दी अडथळ्यांना खेटून उभी राही; तळ्याकाठी तर मुंगीला वाट नसे, कारण भिजलेला स्वार पाहण्याचा आनंद सर्व देशांत सारखाच. खर्चाचा भार १९६१ पासून व्हिटब्रेड या मद्यनिर्मात्या कंपनीने उचलला होता. पैसा आला की पैशाचा आग्रहही येतो. मैदानाच्या आखणीवर त्याची छाया वेल्डन यांनी पडू दिली नाही.

आणि पाऊस. इंग्लंडातील एप्रिलचा भरवसा आपल्या मृगासारखाच. वेल्डन यांनी सूत्रे घेतल्यानंतर लवकरच, १९६६ साली, मैदान पाण्याखाली गेल्याने स्पर्धा रद्द झाली. १९७५ ची गोष्ट अधिक कठीण. कवायतीचा भाग पार पडला होता, घोडे आणि माणसे देशोदेशींहून येऊन दाखल झाली होती, तिकिटे विकली गेली होती. आणि पाऊस थांबेना. दौड घेतली असती तर बहुतेक घोडे कदाचित सुखरूप पार झालेही असते. पण कुजलेल्या मातीवरून उडी घेताना घोड्याचा पाय कसा सटकतो हे स्टॉकहोमला पाहिलेल्यांना सांगण्याची गरज नव्हती. स्पर्धा तेथेच बंद करण्यात आली. १९८७ मध्येही तीच वेळ आली. जो संयोजक स्पर्धा भरवतो त्याचे कौतुक होते. ती ऐन वेळी मोडण्याला अधिक बळ लागते, हे सार्वजनिक संस्था चालवणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

या कालखंडातील आणखी एका बदलाचा उल्लेख केला नाही तर चित्र अपुरे राहील. ऑलिम्पिकमध्ये या खेळाची दारे स्त्रियांना १९६४ पर्यंत बंद होती. बॅडमिंटनची दारे मात्र आधीपासून उघडी होती. १९५४ साली मार्गारेट हफ विजयी झाल्या. शीला विलकॉक्स यांनी तर १९५७, १९५८ आणि १९५९ अशी सलग तीन वर्षे सर्व पुरुषांना मागे टाकले, आणि तरीही ऑलिम्पिक संघात त्यांना जागा नव्हती. हे काम स्त्रीला झेपणार नाही असा पुरुषी समज होता. तो बॅडमिंटनच्या निकालपत्रावर दरवर्षी खोटा ठरत होता. घोड्याने किमान पंचाहत्तर किलो वजन वाहिले पाहिजे असा तेव्हा दंडक असल्याने हलक्या अंगाच्या स्त्रियांना खोगिराखाली शिसे भरून धावावे लागे, हेही त्या विजयांच्या हिशेबात धरले पाहिजे. १९६८ साली मेक्सिकोत सुवर्णपदक जिंकणाऱ्या ब्रिटिश संघात जेन बुलेन होत्या. वेल्डन यांनी आखलेल्या मैदानांवर सर्वाधिक वेळा जिंकलेली व्यक्तीही एक स्त्रीच : ल्युसिंडा प्रायर-पामर, नंतरच्या ल्युसिंडा ग्रीन, यांनी १९७३ ते १९८४ या काळात सहा वेळा, आणि दर वेळी निराळ्या घोड्यावर बसून, ही स्पर्धा जिंकली.

त्यांपैकी १९७६ चा विजय कोणालाच साजरा करता आला नाही. वाइडअवेक हा त्यांचा घोडा सर्व कसोट्या पार करून पहिला आला, सन्मानाची फेरी घेत असताना कोसळला आणि हजारो प्रेक्षकांसमोर मरण पावला. त्यात अडथळ्याचा दोष नव्हता, आखणीचा नव्हता, स्वाराचाही नव्हता. तरीही हा खेळ घोड्याकडून किती मागतो हा प्रश्न पुन्हा उभा राहिलाच. वेल्डन यांची मैदाने फार मोठी, फार भीतिदायक आहेत अशी टीका वेळोवेळी होत असे, आणि तीत मुळीच तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. कितीही प्रामाणिक अडथळा बांधला तरी तो पक्का असतो आणि घोडा हाडामांसाचा. भय स्वाराच्या वाट्याला आणि सुरक्षितता घोड्याच्या वाट्याला, ही वाटणी मैदानावर नेहमी तशीच उतरते असे नाही. एवढे मात्र खरे की जगभरच्या मैदान आखणाऱ्यांनी पुढे ज्या कसोट्या लावल्या त्यांतील पुष्कळशा वेल्डन यांच्या बॅडमिंटनवर आधी घासल्या गेल्या होत्या. दमाच्या दिवसातील लांबलचक रस्ते आणि स्टीपलचेस २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकपासून वगळण्यात आले, आणि त्याच सुमारास जोराचा धक्का बसताच ओंडका खाली सोडणाऱ्या खिळ्यांची योजना अडथळ्यांत होऊ लागली.

१९८४ च्या फेब्रुवारीत वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी ड्यूक निवर्तले. पण तोवर स्पर्धेची घडी इतकी पक्की बसली होती की यजमान बदलला तरी मैदान बदलले नाही. १९८८ हे वेल्डन यांच्या संयोजनाचे शेवटचे वर्ष ठरले. त्या वर्षी स्कॉटलंडचे इयन स्टार्क यांनी सर वॉटी आणि ग्लेनबर्नी या आपल्या दोन घोड्यांवर पहिला आणि दुसरा असे दोन्ही क्रमांक पटकावले. एका स्वाराने एकाच स्पर्धेत असे करून दाखवण्याची बॅडमिंटनमधील ती पहिलीच वेळ होती. त्यानंतर पाच वर्षांनी, २१ सप्टेंबर १९९३ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी फ्रँक वेल्डन यांचे निधन झाले.